दादाच्या तुकड्याशेजारी

दादा,

आईला सांगितलंय, विमान शिकायला मी समुद्रकाठच्या शाळेत गेलेय. आलेय मात्र तुझ्याच कोरड्या माळावर. इथे वर्षभर आभाळ स्वच्छ, शिक्षण रखडत नाही, म्हणून तू हीच जागा निवडलीस आणि इथेच तुझं विमान पडलं. आभाळ बघितलंस शहाण्या, इंजिन कोणी बघायचं?

आज मी पहिल्यांदा एकटीने उड्डाण केलं. इथल्या रिवाजाप्रमाणे सरांनी माझ्या शर्टाची पाठ कापून विमानांच्या हँगरच्या भिंतीवर ठोकली, तुझ्या विटलेल्या निळ्या तुकड्याशेजारी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तुझा भयंकर राग आला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "समुद्राचा वारा कसा आहे गं?"

"खारा," म्हटलं, आणि ओठांवरची धूळ पुसली.

तुझं,
शेपूट