मामांच्या मक्याचं विसर्जन

दुर्गाघाट, वाराणसी
१२ ऑगस्ट १९८८

तीर्थरूप वासुदेवमामांच्या चरणी भाचा ढुंढिराज याचे दंडवत. गुडघा आता जिने चढू देतो का? मामींचा खोकला गेला असेल. इकडे सौ. अन्नपूर्णा खुशाल आहे, मीही आहे. शेत मात्र परवा जाता जाता राहिलं, आणि त्यात थोडा हात आपलाही आहे, म्हणून हे सविस्तर.

रामनगरपलीकडच्या तीन बिघ्यांत मी यंदा मक्याचं प्रमाणित बियाणं घेतोय, हे कळवलं होतंच. (गल्लीत म्हणतात, पंडितजी आता भुट्ट्यांची लग्नं लावतात. म्हणोत.) तसं खोटंही नाही. चार ओळी वधूपक्षाच्या, दोन वरपक्षाच्या; वधूपक्षाचा प्रत्येक तुरा पराग सांडण्याआधी हाताने उपटायचा, म्हणजे संबंध ठरल्या घराशीच होतो. शिवाय दोनशे मीटरांत परका मका नको. गोत्र-प्रवर बघणारे आमचे यजमानही इतके कडक नसतात. हे सगळं पाळलं तरच पिशवीला निळं लेबल लागतं, नाहीतर वर्षाची मेहनत कोंबड्यांच्या खाद्यात.

सरकारी तपासणीला येतात विद्युल्लताबाई, आपल्या ब्रह्माघाटच्याच. वय तिशीचं, पायात गमबूट, हातात टेप. वधूच्या ओळींत शंभरात एकाहून जास्त तुरे सांडताना दिसले की शेत बाद. बाई भर उन्हात वाकून ओळ न ओळ मोजतात आणि काम संपेपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत.

आता आपण प्रेमाने धाडलेलं पांढऱ्या मक्याचं बी. नागपूरचा भुट्टा म्हणून अकरा दाणे मी झोपडीमागे लावले होते (खाण्यापुरते). परवा बाई बांधावर दिसल्या, आणि तेव्हाच माझं लक्ष गेलं की अकराही झाडांना तुरे आलेत. उपटायला वेळ नव्हता. भिक्षुकाची पिशवी सोबत होतीच. झाडांभोवती सूत गुंडाळलं, पुढे कलश मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून बसलो. पूजेतलं झाड कोण तोडणार?

बाईंनी गमबूट काढले, नमस्कार केला आणि बाजूला बसल्या. मी अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं केली, मग पुन्हा अकरा. घसा बसला तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, मला जल्दी नाही. पूजा आटोपली की विसर्जन करा, मी रुकते." करतो काय? अक्षता टाकल्या. विसर्जनाच्या शेवटी देवाला 'पुन्हा या' म्हणायचं असतं, तिथे बाई हळूच म्हणाल्या, "तेवढं ह्या वेळी नको." आणि विळा माझ्याच हाती दिला.

मग त्यांनी एकेक तुरा उलगडून पाहिला. पराग अजून सुटला नव्हता, माझ्या कणसांना केसही फुटले नव्हते. आणखी दोन दिवस ती पूजा चालली असती, तर तीनही बिघे बाद झाले असते. मामा, मी माझ्याच शेताचा घात करायला बसलो होतो आणि वाचवलं त्या पोरीने. तीस वर्षं मी शुचितेवर प्रवचनं देतोय. मनापासून सांगतो, शुचिता मी परवा पहिल्यांदा पाहिली.

मामींना नमस्कार.
आपला
ढुंढिराज

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. त्याच बियाण्याची मूठ मी शेजारच्या विश्वेश्वरला 'नागपूरचा प्रसाद' म्हणून दिली होती. त्याची पंधरा झाडं माझ्या बांधापासून पन्नास पावलांवर आहेत आणि गुरुवारी पुन्हा तपासणी. प्रसाद म्हणून तो उपटायला तयार नाही. तरी 'बी रोगट निघालं, उपटा' अशी तार आपण त्याला करावी. माझं नाव नको.

ता. क. दुसरा. तार नको. पत्र टाकायला निघालो आणि पाय विद्युल्लताबाईंकडे वळले. सगळं सांगून टाकलं. त्या सोबत आल्या, विश्वेश्वरला समजावलं, झाडं गेली. फक्त त्यांच्या कागदावर परकं बी कुठून आलं असा एक रकाना आहे, तिथे आपला पूर्ण पत्ता दिलाय. सरकारी विचारणा आली तर घाबरू नका, आणि खरं तेच लिहा. आपल्या दोघांपैकी एकाने तरी पहिल्याच खेपेला खरं सांगावं.