चिरेखाणीतली बाई

११ जानेवारी

मी खेळण्यात आले!

आज मनस्वीने मला चष्मा लावायला सांगितला आणि तळहातावर एक बाई ठेवली. अंगठ्याएवढी, प्लास्टिकची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा. म्हणाली, आजी ओळख. मी म्हटलं कोण गो ही? तर म्हणे तूच! चुंबळ कसली, तर खेळण्यातल्या गाडीचा एवढासा टायर. त्यावर तांबडी वीट. बाईचे हात वर जातात पण चिऱ्याला पोचत नाहीत. मनस्वीला त्याचं वाईट वाटत होतं. मी म्हटलं, बरोबर आहे, मी हात सोडूनच चालायची. खोटं नाही. भरल्या चिऱ्याखाली हात सोडून चालणाऱ्या अख्ख्या खाणीत मी आणि हौसा, दोघीच.

मनस्वी माझी नात, गुरुप्रसादची मुलगी. गुरुप्रसाद माझा एकुलता. तो आणि सूनबाई मुंबईला. ही इथे माझ्यापाशी राहते, कारण नोकरी रत्नागिरीत. इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढते. सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळी येते, जेवण झालं की ह्या खेळण्यातल्या विटा जोडत बसते. खुट्ट खुट्ट आवाज. पूर्वी उंदीर वाटायचे मला.

१४ जानेवारी

तिळाचे लाडू कडक झाले. गूळ जास्त शिजला. आप्पा भावजींनी एक खिशात घालून नेला, म्हणाले घरी जाऊन वरवंट्याने फोडतो.

१९ जानेवारी

आज सगळं नीट समजावून घेतलं, म्हणजे कुणी विचारलं तर सांगता येईल.

ह्या विटांची कंपनी परदेशातली. आपण एखादी वस्तू त्यांच्या विटांनी बांधायची, फोटो काढून त्यांच्याकडे टाकायचे. लोकांनी पसंतीचं बोट लावायचं. मार्च संपेपर्यंत पुरेशी बोटं लागली तर कंपनी विचार करते. आवडलं तर ते खोक्यात भरून जगभर विकायला काढते, आणि खोक्यावर बांधणाऱ्याचं नाव! मनस्वीने आपल्या सड्यावरची, त्या कातळाच्या माळावरची चिरेखाण बांधली आहे. जांभ्या दगडाचे उभे कापे, खाली मशीन, एक ट्रक, मुकादमाची झोपडी, आणि वर चढत येणारी मी.

मोठमोठी माणसं हे खेळतात. फोनवर त्यांचा ग्रुप आहे. नागपूरचा एक डॉक्टर आहे, केस पिकलेला, त्याला एसटीची लाल गाडी हवी आहे, रोज रात्री तेच मागतो. एकाला किल्ल्यांची जुनी खोकी परत यायला हवीत. कुणी म्हणतो पुढच्या वर्षी येणार, मला आतून कळलंय. दुसरा म्हणतो तुला गेल्या वर्षीपण आतूनच कळलं होतं. मनस्वीचं मागणं वेगळंच. जांभ्याचा रंग कंपनीकडे आहे, पण हवा तो तुकडा त्या रंगात येत नाही, तो आणा म्हणते. मी म्हटलं, मागा. मागितल्याशिवाय कोण देतो.

आणि एक गंमत लिहायची राहिली. पहिलं खोकं आलं तेव्हा त्यावर अठरा आणि अधिकचं चिन्ह होतं. मी समजले काहीतरी वाह्यात आलं पोरीकडे! पटकन उचलून भाताच्या कणगीत दडवलं. मनस्वी दोन दिवस घरभर शोधत होती. शेवटी हळूच विचारलं, काय गो असतं त्यात? म्हणाली, फुलदाणी आजी. फुलांची फुलदाणी.

२ फेब्रुवारी

बचत गटात नेली मनस्वीला. सगळ्यांच्या फोनमध्ये तिने ती कंपनी उघडून दिली. एकीने विचारलं, यात अनुदान किती? दुसरी म्हणाली, बोट लावते पण माझं आधार कार्ड देणार नाही. गटातल्या ईशाच्या सासूने तर खाणीचा फोटो बघितला आणि म्हणाली, ही खाण कुणाची, परवाना आहे का.

मी सगळ्यांना दाखवलं, ही बघा ही चिरेवाली, ही मी. दोनदा दाखवलं. हौसा म्हणाली, सोने, फोन दे आता, काच झिजेल.

१५ फेब्रुवारी

गुरुप्रसादचा फोन. मनस्वीवर चिडला होता. म्हणे ताजमहाल बांध, विमान बांध, खाण कसली? आणि आजीला डोक्यावर ओझं दिलंस ते जगाला दाखवायचं आहे? माझ्या ऑफिसातले बघतील.

फोन मी घेतला. म्हटलं, बघू देत. त्याने मुंबईत आमची कलमांची बाग आहे असं सांगून ठेवलं आहे, मला माहीत आहे. बाग नव्हती. चार कलमं होती, तीही चुलत्यांची. सड्याखालच्या शाळेचे चिरे मी आणि हौसाने वाहिले. मी शाळेत दुसरीपर्यंतच गेले, पण शाळा सगळी माझ्या डोक्यावरून गेली. हा त्याच शाळेत शिकला. त्याला हे सगळं ऐकवलं. तो मग म्हणाला, आई गोळ्या घेतेस ना वेळेवर.

घेते.

१६ फेब्रुवारी

रात्री झोप नाही. जरा जास्तच बोलले का? नाही बोलले.

८ मार्च

पालखी आली! शिमग्याला देव स्वतः घरी येतो, मग मागणं दुसऱ्या कुणाजवळ मागायचं? दारापुढचं खळं सारवलं होतं, रांगोळी काढली. गुरुप्रसाद आणि सूनबाई मुंबईहून आलेली. ओटी भरली, नारळ ठेवला, आणि मी आप्पा भावजींना म्हटलं, गाऱ्हाणं घाला. मनस्वीच्या खाणीसाठी.

भावजी मानकरी. गाऱ्हाणं घालायला त्यांच्यासारखा माणूस नाही. गुरं हरवली, कोर्टाची तारीख लागली, पोरगी नांदत नाही, सगळ्याला त्यांच्याकडे शब्द आहेत. पण आज अडकले. कानाशी येऊन विचारलं, कंपनीचं गाव कुठलं? गावाचं नाव नसेल तर देव जाणार कुठे. मनस्वीने देशाचं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं. भावजींच्या तोंडात काही ते बसेना. मग त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, बा म्हाराजा, ही सोनूबाय आज तुझ्या पायाशी उभी हाय. तिच्या नातीनं जी काय इटांची खाण रचलेली हाय, ती त्या थंडीच्या मुलखातल्या कंपनीच्या मनात भरव रे म्हाराजा!

सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा!

कोन आडवा येत आसल त्याला बाजूला कर रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!

गुरुप्रसाद माझ्या शेजारी हात जोडून उभा होता. त्याचाही आवाज आला. हळू होता, पण मी ऐकला.

२७ मार्च

बोटं पुरली! मुदतीच्या आत. नागपूरच्या डॉक्टरने म्हणे त्याच्या पेशंटांनासुद्धा सोडलं नाही. मनस्वी ऑफिसातून आली ती चपला न काढता आत आली. आज चालतं.

शिरा केला. तूप हात सोडून घातलं.

३ मे

कंपनी विचार करते आहे. करू दे. घाईने कुणाचं भलं झालंय.

आंबा यंदा उशिरा. हौसाकडचे पाच आले, दोन डागी.

२२ जून

काही नाही. पाऊस धरून आहे, विटांना बुरशी येते म्हणून मनस्वीने सगळ्या धुऊन पंख्याखाली पसरल्या आहेत. घरात पाय ठेवायला जागा नाही. एक पायाखाली आली. चिरा पायावर पडला तेव्हा एवढी ओरडले नव्हते.

९ जुलै

कंपनीची बाई मनस्वीशी फोनवर बोलली, तोंड दिसतं तसल्या फोनवर. गोड बोलत होती, सारखी हसत होती. मी दाराआड उभी. मला भाषा कळेना, पण मनस्वीचा चेहरा आधी फुलला आणि मग बघता बघता मिटला.

त्यांना खाण हवी आहे! जगभर विकणार. पण खाणीतली बाई तशी नको. लहान मुलं खेळणार, त्यात बाईच्या डोक्यावर ओझं बरं दिसत नाही म्हणे. बाई ठेवा, ओझं काढा. नाहीतर खाण घेता येणार नाही. आठवडाभरात कळवायचं आहे.

मनस्वीने सांगितलं, ती माझी आजी आहे. त्या बाईने म्हणे सॉरी म्हटलं, मनापासून म्हटलं, पण नियम तो नियम.

मला फार लागलं. गावभर सांगून झालंय. आप्पा भावजींचं देवाला सांगून झालंय. मनस्वी म्हणाली, आजी, मी नाही म्हणणार आहे. तू नसशील तर मला ती खाण नको.

मी म्हटलं, बरोबर. नाही म्हण.

१० जुलै

बरं वाटलं तिचं बोलणं. दोन वर्षं बांधत होती. माझ्यासाठी सोडते आहे. अशी नात कुणाला आहे?

मग दुपारी आमटी खाली लागली. लक्षच नव्हतं.

१२ जुलै

हौसाकडे गेले. तिला सांगितलं, बघ गो कंपनी कशी, आपलं कष्टाचं ओझं यांना बघवत नाही. मला वाटलं माझ्यासारखी चिडेल. हौसाची मान तुला माहीत नाही, वही. वळत नाही. कुणी बाजूने हाक मारली तर अख्खं अंग फिरवून बघते, गळ्याला पट्टा असतो. आज पण अशीच पुरती वळली, पाटासकट, आणि माझ्याकडे बघत बसली.

म्हणाली, "सोने, त्या चिऱ्याचा तुला एवढा कसला पुळका? आपल्या डोक्यावरून तो जन्मात कुणी उतरवला नाय. आता कोण लांबची बाई म्हणते उतरवा, तर तू म्हणतेस राहू दे?"

मी चहा पिऊन उठले.

येताना सगळं आठवत राहिलं. चिरा चढवायला दोघी लागायच्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. उतरवायला कुणी नसायचं. वर पोचलं की मान कलती करून आपणच टाकायचा, पाय बाजूला घेऊन. तुटला तर मुकादम ओरडायचा. गुरुप्रसाद पोटात होता तेव्हा आठवा लागेपर्यंत वाहिले. आणि मला काय वाटत होतं, की मनस्वीने तो चिरा माझ्या डोक्यावर ठेवला म्हणून मी मोठी झाले! तो चिरा मोठा नव्हता. मी मोठी होते.

गुरुप्रसादचं शिमग्याआधीचं फोनवरचं बोलणंही आठवलं. त्याला लाज वाटली असं मी धरून चालले. लहानपणी शाळेतून सुटला की खाणीच्या कडेला येऊन उभा राहायचा. खाली यायचा नाही. नुसता बघायचा, आई कधी वर येते.

१३ जुलै

मनस्वी नकाराचं लिहून बसली होती. पाठवायचं बाकी. मी तिच्या समोरची ती अंगठ्याएवढी बाई उचलली.

"काढ गो तो चिरा."

"आजी, मग ती तू राहणार नाहीस."

"मीच आहे. माझी मान मला ओळखू येते."

ती म्हणाली, तू रागावून बोलतेस. मी म्हटलं नाही. मी हौसाचं सांगितलं. चढवायला दोघी लागायच्या तेही सांगितलं, ते तिला माहीत नव्हतं. ऐकून रडायला लागली. मग मी बाई तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, चल, या टोकाला तू धर. एवढासा चिरा, दोन बोटांचा! पण घट्ट बसलेला. नखाने निघेना. शेवटी तिने एका बाजूने धरला, मी दुसऱ्या, आणि टक करून निघाला.

मग तिने जुनं लिहिलेलं पुसलं आणि होय म्हणून पाठवलं. गुरुप्रसादला मी स्वतः फोन लावला. सांगितलं, आईचा चिरा उतरला रे.

१५ जुलै

मनस्वीने विचारलं, आजी, आता बाईला काय काम देऊ? मशीन चालवायला देऊ? मुकादम करू?

म्हटलं, काही नको. बसव.

तिने बाईचे पाय दुमडले आणि बाई खाणीच्या मधोमध चिऱ्यावर बसली. मी बघत राहिले. त्या खाणीत मी कधी बसले नव्हते.