छोटा गिअर

३ डिसेंबर १९५८, अमरावती
दादाने अकोल्याहून लष्करी लिलावातली गाडी आणली. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. स्टिअरिंग डावीकडे. चारही चाकांना इंजिनाची ताकद. सीटजवळ तीन दांडे. सोबत इंग्रजी पुस्तक. "तू वाच. कॉलेजात शिकवतं ना तू?"
वाचले. अकरा पाने.

६ डिसें.
राजापेठेतला मिस्त्री म्हणाला, "पुढच्या चाकाईले फिरवनारा शाफ्ट फुकट पेट्रोल पिऊन रायला. काढून टाका."
दादाने माझ्याकडे पाहिले. "पुस्तक काय म्हनते?"
"काढला तरी चालेल." पुस्तक मिटलेलेच होते.
शाफ्ट निघाला. छोट्या गिअरचा, म्हणजे कमी वेग नि जास्त जोराचा, दांडा मिस्त्रीने तारेने बांधला. आता सगळा जोर मागच्या चाकांच्या आसावर. हा गिअर टाकला तर आस तुटेल, म्हणे.

१० डिसें.
पान त्रेचाळीस. घाट उतरताना छोटा गिअर टाकावा. भरल्या गाडीने नुसत्या ब्रेकवर उतरू नये.
दादाने मेळघाटातून सागवान आणायचे काम घेतले आहे. जेवताना सांगणार होतो. वहिनी वाढत होती.

१३ डिसें.
दादा पहिली खेप करून आला. खुशीत. "उतारावर इंजिन बंद करतो. घरंगळत येते. पेट्रोल वाचते."
चाकाजवळ हात नेला. भट्टी. दादा म्हणाला, शेवटच्या वळणावर ब्रेक तळाला गेला होता, तीनदा दाबल्यावर कुठे...
"तुया वहिनीले सांगू नको."

१४ डिसें.
दादाला सांगितले. पान त्रेचाळीस उघडून.
दादाने पुस्तक मिटले. मग, "तवा काहून हो म्हनलं बे?"
शाफ्ट परत बसवायला गेलो. मिस्त्रीने तो भंगारात घातला होता. दुसरा मिळेपर्यंत थांब, दादाला म्हणालो.
"थांबलो त काम जाते. तू चाल संगं. उजवीकडून समोरचं कोन पायते मंग?"

१५ डिसें., घाटमाथा
गाडी भरली. इथून दोन वळणे दिसतात. पुढचे नाही.
दादाने पकडीने तार तोडली. दांडा मोकळा. टाकला तर आस. न टाकला तर ब्रेक.
"बोल प्रोफेसर. पुस्तक काय म्हनते?"
"एवढं पुस्तकात नाई, दादा. मले मालूम नाई."
"आता खरं बोलला लेका."
दादाने चहाचा कप ठेवला. चपला काढून सीटखाली सरकवल्या. पायाला पेडल कळावे म्हणून. आत बसला आहे. उजवीकडचे दार माझ्यासाठी उघडे. हाक मारतो आहे.