व्हेरेनाचा गलगंड

बर्न, जून १८८३

प्रिय आईला रेगुलाचा नमस्कार,

आपल्या व्हेरेनाताईच्या गळ्यावर आता गलगंडाची खूणही नाही. व्रण रुमालाखाली झाकला जातो. जेवते बरी. तुझे गुडघे कसे आहेत?

पण आई, ऑपरेशन झाल्यापासून ताई फार मंदावली आहे. चेहरा सुजलाय, या दिवसांतही शेगडीपाशी बसते, बोललेलं उशिरा समजतं.

काल डॉक्टर म्हणाले, "गळ्यातली ती ग्रंथी बिनकामाची समजून आम्ही सगळी काढली. शरीर, बुद्धी तिच्यावरच चालते, हे आत्ता कळतंय."

"मग परत बसवा की," मी म्हटलं. त्यांनी फक्त ताईच्या खांद्यावरची शाल नीट केली.

धाकट्या ॲनेलीचा गलगंड कितीही वाढू दे, तिला इकडे पाठवू नकोस.

ताईला तुला दोन ओळी लिहायच्या होत्या. दुपारभर बसली. माझ्या नावाखाली तिने स्वतःचं नाव लिहिलंय, जमलं तेवढं.

तुझी,
रेगुला

व्हेरे