दुधाची रेघ

प्रिय सायर,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीचे दोन कागद चुलीत गेले. चार ओळी लिहितो, उठतो, दारातून माताजीच्या देवराईकडं, ओरणाकडं बघतो, परत येऊन बसतो. तुझी आई मघाशी म्हणाली, "पत्र लिहिताय की खळ्यावर फेऱ्या मारताय?" फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू बापाला लगेच म्हणतेस, "जीसा, मुद्द्याचं बोला," आणि नेमका मुद्दाच माझ्याकडून राहून जातो.

आधी बरं ते सांगतो. तू बसवून दिलेली सौर पाटी झकास चाललीय. टाक्यातलं पाणी आपोआप वर येतं, आईच्या खांद्याला आराम आहे. डिझेलच्या इंजिनावर आता पारवे बसतात. "कोळसा जाळणं थांबवायचंय, जीसा, आणि आपल्या वाळवंटात उन्हावाचून दुसरं आहे काय?" असं तू म्हणालीस ते मला पटलंय. गेल्या वैशाखात आपल्या धोळी सांडणीचं पिल्लू जन्मलं त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत उन्हानं गेलं. साठ वर्षं उंट पाळतोय, असं ऊन पाहिलं नव्हतं. तेव्हा पुढचं म्हाताऱ्याचं रडगाणं समजू नकोस.

गेल्या मंगळवारी ओरणात लाल डोक्याचे दगड रोवले गेले. माताजीच्या ठाण्यापासून खाऱ्या पाणथळीपर्यंत सगळी जागा तुझ्या कंपनीला उन्हाच्या काचा लावायला मिळालीय म्हणे. सरकारी पडीक, अशी नोंद आहे. आठवतं, सात वर्षांची असताना तू तिथून दातवणाला काडी मोडून आणली होतीस आणि मी तुला भर उन्हात ती परत ठेवायला पाठवलं होतं? दोनशे उंट, गावाच्या मेंढ्या, उरलेसुरले माळढोक, सगळ्यांचा आसरा तेवढाच. दगड बघायला गाव जमलं. कानदानकाका मला म्हणाला, "तुमच्या बाईसा त्याच कंपनीत ना? मग ठाण्यावरही काचा बसवा की, दिव्याचं तूप वाचेल." सगळे हसले. मीही हसलो. मग कुणीतरी म्हणालं, हा त्या जुन्या पटवाऱ्याचा उद्योग, त्यानंच काहीतरी खाऊन पडीक लिहिलं. पटवारी मरून बारा वर्षं झालीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पटवाऱ्यानं काही खाल्लं नव्हतं, सायर. जमिनीची मोजणी आली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. चहाच्या पुड्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकलेला, गावातला एकटा साक्षर, म्हणून वडीलधाऱ्यांनी मलाच त्याच्याजवळ बसवलं. ओरणाशी आल्यावर त्यानं विचारलं, "ही कुणाची?" मी म्हणालो, "माताजीची." तो म्हणाला, "माताजी अंगठा द्यायला येणार का? गावाचं नाव घालतो." भला माणूस होता, तीनदा म्हणाला. पण माताजीच्या जागेवर आपलं नाव लावायचं म्हणजे तिच्या गादीवर पाय देऊन बसायचं. मी ऐटीत सांगितलं, "रकाना कोराच ठेवा. ही जागा कुणाचीच नाही." म्हातारे खूश झाले, मला शाबासकी मिळाली. ते म्हातारे आता कुणी उरले नाहीत. कोरा रकाना सरकारचा होतो, हे मला तेव्हा कुठं ठाऊक.

काल तहसिलात जाऊन कंपनीच्या जागेचा नकाशा पाहिला. खाली मोजणी करणारी म्हणून तुझी सही आहे. 'य'चं शेपूट मी शिकवलं तसंच अजून लांब काढतेस. कारकून म्हणाला, "बाबा, किती वेळ बघताय, फोटो आहे का कुणाचा?" मग मला हिवाळ्यातला तुझा फोन आठवला. तू विचारलं होतंस, "जीसा, ओरणाचा काही कागद आहे का आपल्याकडं?" आणि मी तुला झापलं होतं, माताजीच्या जागेला कागद कशाला लागतो म्हणून. तू पुढं काही न विचारता नुसतं "बरं" म्हणालीस. त्या "बरं"चा अर्थ मला काल कळला. त्या सहीत माझाही हात आहे.

सोमवारी या जागेची सुनावणी आहे. तिथं उभा राहून मी सगळ्या गावासमोर सांगणार आहे की रकाना मी कोरा ठेवायला लावला, पटवाऱ्यानं नाही. कानदानकाका काय बोलेल ते बोलेल. पण तुला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. आणि आणखी एक मागणं आहे. ओरणाभोवती दुधाची धार सोडत फिरायचं ते भादव्यात, पण यंदा गावानं ते रविवारी करायचं ठरवलंय, पहाटे, ऊन चढायच्या आत. आमची हद्द कुठली ते दाखवायला आमच्याकडं तेवढी एकच रेघ आहे. काचांना माझी ना नाही, खाऱ्या पाणथळीपलीकडं मोकळा माळ पडलाय, तिथं हव्या तेवढ्या लावा. नोकरीवर बेतणार असेल तर येऊ नकोस, मी रागावणार नाही, आईलाही रागावू देणार नाही. पण आलीस तर तुझं मोजायचं यंत्र घेऊन ये. तळाला भोक पाडलेलं मडकं घेऊन मी पुढं चालेन, तू मागून ती रेघ मोजून नकाशात घेत ये. फक्त फार मागं राहू नकोस. वाळूत दूध लगेच दिसेनासं होतं.

वाट बघणारा, तुझाच,
जीसा