माय, तू चालत होतीस

माय,

शाळा सुटली की मी कॉन्व्हेंटचा निळा झगा सावरत अमरावतीच्या भाजीबाजारात यायचे आणि तुझ्या मागे पोत्यावर बसून गृहपाठ करायचे. तू मेथीवर, सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, डब्यातलं पाणी शिंपडत असायचीस, जुड्या हलक्या हाताने उलटसुलट करत. मी माझी बाटली पुढे केली की म्हणायचीस, "मले नाई लागली तहान. तू पे." भातकुलीहून पहाटे निघालेली तू दिवेलागणीला घरी पोचलीस की उभ्याउभ्याच दोन तांबे पाणी घशात ओतायचीस. मला वाटायचं, तुला तहान कमी लागते. बाजारात बायकांना जायला आडोसाच नव्हता, म्हणून तुम्ही सगळ्याजणी दिवसभर कोरड्या बसत होता, हे मला फार उशिरा कळलं. आम्हाला वर्गात उभं राहून 'मे आय गो आऊट, सिस्टर' एवढंच म्हणायचं असे. तेवढंही म्हणताना माझे कान लाल व्हायचे.

तीन आठवड्यांपूर्वी माझा उजवा खुबा बदलला. आता अकोल्याच्या घरी आहे. झोपताना दोन पायांत उशी, चालायला वॉकर, कमोडवर उंच बैठक, आणि खाली बसायचं नाही. सून पातूरकडची आहे, तिच्या तोंडी तुझीच बोली. मी हाक मारली की हातातलं काम टाकून येते, माझ्या पाठीशी हात धरते आणि न्हाणीघरापर्यंत माझ्या चालीने चालते. काल दुपारी तिने उशाशी ठेवलेला तांब्या उचलला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, हा सकाळचाच तांब्या होय न? जसाच्या तसा भरलेला! पानी कावून नाई पेऊन राहिल्या तुम्ही?"

"तहान नाही गं."

"तहान नाई, का मले आवाज द्याले लाज वाटते? दहा पावलं त न्या लागते तुमाले. मी का पालखी उचलून राहिली का? पेऊन घ्या बरं, नाईतर तुमच्या लेकाले फोन लावतो."

मी हसले आणि प्याले. ती गेल्यावर मात्र रडू आवरेना. आवाज ऐकून ती परत आली; तिला वाटलं, पाय दुखतोय.

माय, तुझा खुबा मोडला तेव्हा तू पंचाहत्तरीच्या पुढे होतीस. वाडीत वांगी तोडताना पडलीस. ऑपरेशन अमरावतीला झालं, आणि डॉक्टरांनी दादाला आणि मला समोर बसवून सांगितलं की आजींना रोज चालवा, चालतील तर राहतील. दादाच्या घरी संडास अंगणाच्या पार टोकाला. म्हणून मीच ऐटीत म्हणाले, "माझ्याकडे कमोड आहे, मी नेते तिला अकोल्याला." पहिले आठ-दहा दिवस तू छान चाललीस. वॉकर धरून, एकेक फरशी मोजल्यासारखी. एकदा तर खिडकीतून माझी कुंडी बघून म्हणालीस, "हे झाड पान्यानं मेलं तुझं. किती टाकतं?" पण न्हाणीघरात जाऊन यायला तुला वीस मिनिटं लागायची, आणि माझी शाळा सकाळची. वर्गातली मुलं माझ्याआधी पोचायला लागली. एके दिवशी मी पर्स खांद्याला लावून दारात उभी असताना तू हाक मारलीस आणि मी ओरडले, "आत्ताच तर जाऊन आलीस ना, माय!" त्या संध्याकाळी मी औषधांच्या दुकानातून मोठ्या माणसांचे डायपर घेऊन आले.

"हे त लेकराइचं होय," तू म्हणालीस. "मले चालता येते न बाई. तू फक्त हात दे."

मी वर्गात वापरते त्या आवाजात म्हणाले, "हट्ट करायचा नाही." आणि तुझे हात बाजूला करून ते बांधलं. तू भिंतीकडे तोंड केलंस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत आले तर डायपर कोरडं आणि तांब्या भरलेला. माय, तेव्हा मला कळलं होतं. बाजारातली तुझी विद्या तू माझ्या घरात, माझ्या पलंगावर वापरत होतीस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी मी तुझ्या गालाला हात लावून म्हणाले, "शाब्बास! किती छान राहिलीस आज!" बालवाडीतल्या मुलांना म्हणतात तसं. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर बरं झालं असतं.

महिन्याभरात तुझे पाय आखडले. दादा वांगी आणि सांबार घेऊन तुला बघायला आला आणि दारातूनच म्हणाला, "माय उठली नाई? डॉक्टर त चालवा म्हणे." मी म्हणाले, "तिला जमतच नाही रे. मी किती केलं." तू पडल्या जागेवरून आमचं ऐकत होतीस. मी तुझ्याकडे बघायचं टाळलं. मग तुझा आवाज आला, "हो रे बापू, नाई जमत आता मले. बाई लय करते माहं." त्यानंतर तू पुन्हा उभी राहिली नाहीस. पावसाळा सरता सरता गेलीस. त्याला अठरा वर्षं झाली.

फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणते, दिवाळीपर्यंत मी काठीवर येईन. तरी या वयात लिहून ठेवलेलं बरं, म्हणून कालपासून एक कागद करते आहे. कमोडची उंच बैठक आणि वॉकर समोरच्या काकूंना द्यावं, विकू नये. तुझ्या हातातले चांदीचे गोट सुनेला, माझ्या मुलीला नाहीत. मुलीला मी समजावलं आहे. तुझं हिरवं लुगडं दादाच्या थोरलीला. माझी पुस्तकं शाळेला, कपाट ज्याला न्यायचं त्याने न्यावं. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं की हे पत्र दादाला द्यावं.

ती शेवटची ओळ मी आत्ता खोडली. परवा मला बघायला आला तेव्हाही तो सुनेला सांगत होता, "माह्या बहिणीनं मायचं जे केलं, ते कोनी कोनाचं करत नाई." मी खाली बघून ऐकत राहिले. मला ते ऐकायला अजून आवडतं, माय.