अंगठ्याऐवजी सही

आई,

तुझ्यावर चिडून लिहायला बसलोय. तुला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर चिडण्यात काही अर्थ नाही, हे मलाही कळतं. पण तू एकदा चुलीपुढे भाकरी थापता थापता मला झापलं होतंस, आणि ते झापणं कमी पडलं. चार लोकांत कान धरून झापायला हवं होतंस. तेवढं केलं असतंस तर हुफूफजवळच्या त्या खेड्यात माझ्या हातून जे झालं ते कदाचित झालं नसतं.

मी सौदीला गेलो हे तुला माहीतच नाही. तू गेल्यानंतर तीन वर्षांनी गेलो. रियाधला, अल सुलै भागातल्या एका गोदामात स्टोअरकीपर होतो. गोदाम बंद पडलं आणि इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, दुसऱ्या मालकाच्या नावावर होईपर्यंत मी रिकामा होतो. माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर मी तिथे होतो तो मालक, म्हातारा आणि देवभोळा. तो म्हणाला, हुफूफजवळ माझ्या थोरल्या भावाच्या खजुराच्या बागा आहेत, तिथली माणसं अडाणी आहेत, त्यांना लिहायला-वाचायला शिकव. पगार नाही, खोली आणि जेवण मिळेल. त्याला पुण्य हवं होतं आणि मला, खरं सांगायचं तर, कुणीतरी मास्तर म्हणायला हवं होतं. कॉलेजात असताना साक्षरता मोहिमेत आपल्या वाडीतल्या बायकांना शिकवलं होतं, म्हणून हे काम आपल्याला येतं अशी माझी पक्की समजूत होती. स्वयंसेवक म्हणून मी तिथे जवळजवळ वर्षभर राहिलो.

तिथला दिवस कसा असायचा ते सांगतो. माझी खोली पाण्याच्या पंपाला लागून, त्यामुळे पहाटेपासून कानाशी धडधड. माणसं कमरेला दोर बांधून झाडांवर चढलेली असतात, खाली पाटातून पाणी वाहतंय, आणि मी हातात खडूचा तुकडा घेऊन संध्याकाळची वाट पाहतोय. असरची, म्हणजे दिवस कलतानाची, नमाज झाली की खजूर निवडायच्या शेडमध्ये चटया अंथरून वर्ग. फळा म्हणजे काळा रंग मारलेलं प्लायवूड. खडू मागितले की पुढच्या आठवड्यात, आणि तो आठवडा काही येत नाही. येणारे निम्मे चहासाठी येतात. कुणाला गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून हवं असतं, कुणाला फोनच्या कार्डावरचा नंबर, एकाला तर मी फक्त त्याच्या भावावर फोनवरून ओरडायला हवा असतो, कारण माझा आवाज मोठा. अक्षरं कुणालाच नको होती. मी 'क' काढायचो तेव्हा त्यातले तिघे बसल्याजागी झोपलेले असायचे, आणि दिवसभर झाडावर चढलेल्या माणसाला उठवायची मला लाज वाटायची. मग मी फळ्यावर राग काढायचो.

त्यात एक चाचा होते. श्रीवर्धनकडचे, पन्नाशीचे, त्या बागेत अठरा वर्षं काढलेले. झाडावर चढायचं काम सुटून आता खाली पाटाचं पाणी फिरवायचे. माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून पहिल्या चटईवर बसायचे. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि धाकट्या दोघी अजून शाळेत होत्या. एक दिवस म्हणाले, "मास्तर, ते क-ख राहूद्या. मना नाव तेवढं लिवायला शिकवा. पोरीच्या निकाहनाम्यावर बापाचा अंगठा नको."

मला तर हेच हवं होतं. दर शुक्रवारी बागेचा मालक, कफीलचा तो थोरला भाऊ, यायचा आणि एकच विचारायचा, आता सही किती जणांना येते? क-ख येणाऱ्याला तो काय मोजणार. मी क-ख बाजूला ठेवलं आणि सगळ्या वर्गाला सह्या शिकवायला घेतल्या. झोपणारे जागे झाले. ज्याला त्याला स्वतःचं नाव हवं होतं. चाचांना मराठीत शिकवलं, मुलीला वाचता यावं म्हणून. तीन अक्षरं. पाटाच्या कडेच्या ओल्या मातीत काडीने ती गिरवत ते तासन्‌तास बसायचे, पाणी दुसऱ्याच वाफ्यात जायचं आणि मुकादम शिव्या द्यायचा. महिनाभरात आठ जण सही करायला लागले. मालकाने माझी पाठ थोपटली, आणि मी फुगलो.

तुझं झापणं मला तेव्हा आठवायला हवं होतं. मोहिमेत मी असंच केलं होतं. वाडीतल्या बायकांना पंधरा दिवसांत सही शिकवून, साक्षरांची यादी घेऊन घरी आलो, तर तू यादीकडे बघितलंसुद्धा नाहीस. तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "सही शिकवलीस, आणि वाचायला? आता कुणी कसलाही कागद पुढे सरकवेल आणि त्या बायका खाली नाव लिहून मोकळ्या होतील. त्यापेक्षा अंगठा बरा. अंगठेवाल्याला निदान वाचून दाखवतात." मग तुझ्या माहेरच्या जमिनीचं सांगितलंस. तू चौथी शिकलेली, वाचता येत होतं तुला. मामाने हक्कसोडीचा कागद पुढे केला, आणि सगळ्या भावकीसमोर आपल्याला सही येते हे दाखवायच्या नादात तू न वाचताच केलीस. हे सांगताना तू हसत होतीस. म्हणूनच मी ते मनावर घेतलं नाही. तू हसायला नको होतंस, आई.

बागेच्या ऑफिसातही हीच रीत होती. कागद सगळे अरबीत. अंगठा लावणारा आला की हैदराबादी कारकून तो कागद हिंदीत वाचून दाखवायचा, दोन माणसं साक्षीला उभी करायचा, मग शाईचा पॅड पुढे करायचा. सही करणाऱ्याला काही वाचून दाखवायचं नाही, कारण सही येते म्हणजे वाचताही येतं असं धरून चालायचं. चाचांनी लग्नासाठी दोन महिन्यांची सुट्टी मागितली होती. एका सकाळी त्यांना ऑफिसात बोलावलं आणि ते माझ्या पेनने सही करून बाहेर आले. "मास्तर, आज अंगठा नाय लावला," म्हणाले, आणि स्वतःचा स्वच्छ अंगठा मला दाखवला. त्या दिवशी त्यांनी सगळ्या शेडला चहा पाजला.

निघायच्या दोन दिवस आधी त्यांचं तिकीट माझ्या हातात आलं. फक्त जाण्याचं. मी ऑफिसात धावलो. कारकुनाने शांतपणे फाइल काढली आणि कागदात काय आहे ते सांगितलं. तो सुट्टीचा अर्ज नव्हताच. मी स्वखुशीने काम सोडतो आहे, मला कायमचं खुरूज, म्हणजे देश सोडायची परवानगी, द्यावं, असा राजीनामा होता. मालकाच्या मुलांना म्हातारी माणसं कमी करायची होती. खाली त्या अरबी ओळींखाली चाचांची तीन मराठी अक्षरं, ठळक, रेघेवर बसवलेली. त्या ऑफिसात ती अक्षरं वाचता येणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता. मी आवाज चढवला, वाचून का नाही दाखवलंत म्हणून विचारलं. तो माझ्या खिशातल्या पेनाकडे बघत म्हणाला, "दस्तखत है ना, मास्तर. दस्तखतवाले को पढ़के नहीं सुनाते." मालकाकडे गेलो. त्याच्या मुलाने कागदावर बोट ठेवून खलास म्हटलं. ज्या म्हाताऱ्याला सह्या मोजायच्या होत्या तो नेमका नमाजेला गेला होता.

चाचांना मीच सांगितलं. ते खाटेवर बसून मुलीसाठी घेतलेलं कापड घडी करत होते. मी बोलत राहिलो, ते घडी करत राहिले. मग म्हणाले, लग्न तरी बघायला मिळेल, आणि धाकट्या दोघींचं अल्ला बघेल. जाताना माझी वही मागून नेली, त्यांच्या सह्यांनी भरलेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी वर्गात पुन्हा 'क'वर आलो. कुणी बसायला तयार होईना. सही येते की आता, मास्तर, म्हणायचे. दोन महिन्यांनी मी रियाधला परतलो.

वर्षाने श्रीवर्धनहून पत्र आलं. थोरलीच्या हातचं, खाली चाचांची सही. ते आता बंदरावर जाळी विणायला जात होते, मधली मुलगी शाळा सोडून कोळंबी सोलायला बसत होती. लिहिलं होतं, निकाहनाम्यावर सही केली, काझीसाहेबांनीही अक्षर छान म्हटलं. आणि शेवटी, मास्तर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, त्या कारकुनाने फसवलं, तुमचा काय दोष. मी त्या पत्राला उत्तर लिहिलं आणि पोस्टात टाकलं नाही. ते अजून कपाटात आहे, हे पत्रही त्याच्याखाली ठेवीन.

त्या उत्तरात जे लिहून खोडलं ते तुला सांगतो. सहीच्या सकाळी मी ऑफिसात चाचांच्या शेजारी उभा होतो. कारकुनाने रीत मोडून, मान वर करून मला विचारलं होतं, मास्तर, पढ़के सुना दूँ? चाचा तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, जरूरत नहीं, ये अब दस्तखत करते हैं. आणि खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाटलं, मास्तरांनी कागद बघितलाय. इतकी वर्षं सौदीत काढून, आई, मला अरबीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.